फोटोसारखं? अजिबात नाही!

अमेरिकन चित्रकार ॲलिस डाल्टन ब्राउन यांचं चित्र कुणालाही दाखवा, पहिलं वाक्य ठरलेलं: ‘अय्या, हा फोटो नाहीये?’ मोठी उघडी खिडकी, वाऱ्याने फुगलेला झिरझिरीत पांढरा पडदा, पलीकडे उन्हात चमचमणारं पाणी. माणूस एकही नाही. कौतुक ‘हुबेहूब’ या एका शब्दावर येऊन थांबतं. आपल्याकडे हे जुनंच आहे म्हणा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या चित्रकार हळदणकरांच्या, हातात दिवा घेतलेल्या बाईच्या चित्रासमोरही लोक हेच म्हणत उभे असतात.

पण जरा विचार करा. खोलीच्या आतून बाल्कनीचा फोटो काढून पाहा. बाहेरचं नीट आलं तर आतलं काळंठिक्कर, आतलं नीट आलं तर बाहेर नुसता पांढरा भपका. (हल्लीचे फोन दोन्ही जोडून दाखवतात, पण ते जोडकाम कळतं.) ब्राउनबाईंच्या चित्रात जमिनीवरची कोवळी सावली, पडद्याच्या चुण्या आणि दूरच्या लाटांवरचं ऊन, सगळं एकाच वेळी शाबूत असतं. आपला डोळा हे एकेक करून बघतो आणि मनात एक करतो. त्या फोटो वापरतात, पण फोटोची नक्कल करत नाहीत. पडदा एकीकडचा, पाणी दुसरीकडचं, अशीही जुळवाजुळव असते. म्हणजे जी जागा पाहून आपण ‘इथे जायचंय’ म्हणतो, ती नकाशावर तशी सापडेलच असं नाही.

बाईंचा जन्म 1939 चा, पेनसिल्व्हेनियातला. वाढल्या न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकामध्ये, म्हणजे कयुगा तलावाच्या दक्षिण टोकाला. हा तलाव साठ किलोमीटरच्या आसपास लांब आणि अगदी चिंचोळा. पाणी तिथूनच आलं. पण सुरुवात पाण्याने झाली नव्हती. आधी धान्याची कोठारं, मग जुन्या व्हिक्टोरियन घरांचे व्हरांडे. पडदे बरेच नंतर, नव्वदच्या दशकात आले.

मला विचाराल तर खरी ताकद त्या व्हरांड्यांत आहे. पांढरा खांब, पांढरा कठडा, पांढऱ्या पायऱ्या, आणि त्यावर पडलेली झाडाची सावली. झाड चौकटीबाहेर असलं तरी सावलीवरून कळतं की पानं दाट आहेत आणि हवा हलतेय. पांढऱ्यात निळा, जांभळा, पिवळा किती असतो ते इथे बघावं. निसर्गचित्र म्हणून निसर्ग थोडासाच, पण घराच्या अंगावर उमटलेला.

घराची चौकट आणखी एक काम करते, पाहणाऱ्याला उभं राहायला जागा देते. कास्पर डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराने 1822 मध्ये खिडकीशी पाठमोरी उभी बाई रंगवली. ती त्याची बायको. आपण तिच्या खांद्यावरून डोकावत राहतो. ब्राउनबाईंनी ती बाईच काढून टाकली, मग खिडकी आपली. एडवर्ड हॉपरनेही 1951 मध्ये रिकामी खोली आणि उघडं दार रंगवलं, पण दाराबाहेर पायरी नाही, थेट समुद्र! पाय टाकायची भीती वाटते. ब्राउन यांच्याकडे ही भीती नाही.

आणि माझी तक्रार तिथेच आहे. पडद्यांच्या चित्रांत कधीकधी सगळंच फार गोड होतं. हॉटेलच्या लॉबीत सहज खपेल इतकं. कोरियात त्यांचं वेड आहे. 2021 मध्ये सोलला मोठं प्रदर्शन झालं, तिथल्या मालिकांच्या सेटवरही या चित्रांच्या प्रती झळकल्या. त्यात वाईट काही नाही. फक्त प्रतींमध्ये पडदाच मिरवतो आणि व्हरांडे मागे राहतात.

तेव्हा शोधायचंच असेल तर पडद्यांच्या आधीचं काम शोधा. आणि मोबाईलवर नको, निदान लॅपटॉपवर तरी बघा. मूळ कॅनव्हास चांगले मोठे आहेत. हाताएवढ्या स्क्रीनवर ते फोटोच वाटणार.