टेस्ट फायलीचं नाव? मनाला येईल ते ठेवा!

नव्या प्रोजेक्टवर रुजू झालात? अभिनंदन. आता टेस्ट लिहाव्या लागणार, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड. लिहा बापडे. फक्त फायलीचं नाव आधीच्या माणसासारखं ठेवू नका. त्याने 'टेस्ट_इन्व्हॉइस' ठेवलं असेल तर तुम्ही 'इन्व्हॉइस_टेस्ट' ठेवा. पायथनच्या टेस्ट शोधून चालवणाऱ्या पायटेस्टला दोन्ही चालतात, मग बिघडलं कुठे? उद्या कुणी पायथनच्याच युनिटटेस्ट या दुसऱ्या टूलने शोधायला गेलं, तर त्याला मुळात 'टेस्ट'ने सुरू होणाऱ्या फायलीच दिसतात. तुमची दिसायची नाही. तो त्याचा प्रश्न.

जावास्क्रिप्टवाल्यांनी तर अजिबात लाजू नये. एका फोल्डरात 'डॉट टेस्ट', शेजारच्यात 'डॉट स्पेक'. जेस्ट हे त्यांचं टेस्ट चालवणारं टूल दोन्ही मुकाट्याने उचलतं.

'न्यू', 'न्यू२', 'फायनल' ही शेपटं विसरू नका. जुन्या आवृत्त्या जपणारं गिट कशाला आहे असं कुणी विचारलं, तर नुसतं हसा.

कॅपिटल-स्मॉल? मॅकवर चालतंय ना, झालं तर मग. लिनक्स दोन्ही वेगळी धरतं, ते सर्व्हरवाले बघतील.

पण सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे टूलला सापडणारच नाही असं नाव. पायटेस्ट नावाच्या सुरुवातीला 'टेस्ट_' किंवा शेवटी '_टेस्ट' बघतो. म्हणून तुम्ही ठेवा 'रिफंड_टेस्टिंग'. एरर नाही, वॉर्निंग नाही. एकही टेस्ट सापडली नाही तर तो निदान एक्झिट कोड ५, म्हणजे 'टेस्टच नाहीत' असा आकडा, देऊन बोंब मारतो. ढिगातली एक फाइल हुकली तर चकार शब्द काढत नाही. आमच्याकडच्या एका महाभागाने नेमकं हेच केलं. पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे 'माझा कोड सामील करून घ्या' या विनंतीत, लिहिलं 'टेस्ट्स ॲडेड', रिव्ह्यूवर 'एलजीटीएम' (दिसतंय ठीक) पडलं, टेस्ट आपोआप चालवणारी पाइपलाइन हिरवीगार. परवा एका ग्राहकाला एकाच ऑर्डरचा रिफंड दोनदा गेला. शुक्रवारी रात्री, सगळे घरी गेल्यावर, शोधत शोधत मी ती फाइल उघडली. आत काय? रिफंडची विनंती दोनदा आली तरी पैसे एकदाच जावेत, हीच केस! कॉमेंटसकट, नीटनेटकी. नाव बदलून चालवली, पहिल्या फटक्यात लाल, म्हणजे नापास. म्हणजे बग पकडणारी टेस्ट घरातच होती आणि तिला जन्मात कुणी चालवलेलं नव्हतं! यावर साहेब कॉलवर म्हणतात, "पण टेस्ट तर होती ना!" आणि सोमवारी नवी फाइल टाकतात: 'रिफंड_टेस्टिंग_न्यू'.

अरे, काय चाललंय काय? पुल रिक्वेस्ट उघडण्याआधी एकदा 'पायटेस्ट --कलेक्ट-ओन्ली' मारून आपली टेस्ट यादीत येते का, हे बघायला काय जातं तुझं? 'टेस्ट' पुढे की मागे, यावर मला वाद घालायचाच नाही. रिपॉझिटरीत जे चालू आहे ते बघ आणि तसं ठेव. आणि रिव्ह्यू करणारे तुम्ही! पोरगा म्हणतो टेस्ट वाढवल्या आणि लॉगमधला चाललेल्या टेस्टचा आकडा होता तिथेच, हे दिसत नाही? लॉग उघडायचाच नसेल तर अप्रूव्हचं बटण दाबता कशाला?