आग रामेश्वरी, दिवा सोमेश्वरी

फॉग लाइटचं बटण दाबलं आणि डावा इंडिकेटर पेटला. लुकलुकत नव्हता, नुसता मिणमिणत होता, आजारी माणसानं अंथरुणातून 'ओ' द्यावी तसा. फॉग लाइट मात्र ढिम्म. मी बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. गाडीपुढे उभ्या असलेल्या मुलीनं बातमी दिली, "बाबा, गाडी वळायचं म्हणतेय."

इथवर पोचायला मला दोन रविवार लागले होते. पहिल्या रविवारी कामं दोनच होती. पुढे दोन जादा दिवे लावायचे आणि डॅशबोर्डातला कॅसेट प्लेअर काढून नवा स्टिरिओ बसवायचा. गाडी बावीस वर्षांची, उंच, आडदांड. चिखलात, चढावर, खड्ड्यात कुठेही जाते. फक्त रात्री कुठे जातेय ते तिला दिसत नाही. तिचे हेडलाइट आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसून, समोरच्याला आपण दिसावं एवढ्यापुरतेच उरले होते. आणि कॅसेट प्लेअरनं शेवटची कॅसेट गिळून तिची आतडी बाहेर काढली, त्यालाही बरेच दिवस झाले होते.

"दुपारपर्यंत होईल," मी बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. पंधरा वर्षांच्या संसारात बरीच वाक्यं वाचतात.

माझ्या आत्मविश्वासामागे शास्त्र होतं. गाडीत असतात १२ व्होल्ट. कोरड्या हाताला वायर लागली तरी झटका बसत नाही. शिवाय वायरीही निम्म्याच लागतात, कारण करंटचा परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेलाच असतो. दिव्याची एक वायर प्लसला, दुसरी जवळच्या बोल्टला, झाला दिवा. या दुसऱ्या वायरीला अर्थ म्हणतात. (पुढचा अनर्थ पाहता हे नाव ठेवणाऱ्याला मराठी येत नसावी.)

१२ व्होल्ट माणसाला काही करत नाहीत हे खरं. पण इंजिन फिरवताना हीच बॅटरी शेकडो अँपिअर देते. त्यामुळे प्लस सोडवताना पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं की ती माणसाला सोडते आणि पान्याला धरते. माझ्या दहाच्या पान्याला तेव्हापासून एक खळगा आहे आणि मला, बॅटरी सोडवताना मायनस आधी काढायचा, हे ज्ञान आहे. माहितीपुस्तकात ते अगदी सुरुवातीलाच दिलेलं असतं. पण सुरुवात वाचतो कोण?

डॅशबोर्ड उघडला आणि लक्षात आलं की इथे माझ्याआधी अनेक संस्कृती नांदून गेल्यात. सगळ्यात खाली कंपनीचा काळ: वायरींचे जुडगे नीट बांधलेले, प्रत्येकीचा रंग वेगळा, प्रत्येकीला कपलर. त्यावर चोर-अलार्मचा काळ. अलार्म गेला, वायरी राहिल्या. त्याच्याही वर, ज्याच्याकडे फक्त लाल वायरीचं भेंडोळं होतं अशा एका मालकाचा काळ. प्लस लाल, मायनस लाल, स्पीकर लाल. जोड म्हणजे दोन टोकं पिळून वर टेप, आणि टेपचा डिंक उन्हानं पाघळून बोटांना असा चिकटायचा की पक्कड धरायचीही गरज पडू नये. एक वायर कुठून येत नव्हती, कुठे जात नव्हती, पण तिच्यात करंट होता. स्टिअरिंगखाली एक बटण होतं. ते दाबलं की काहीही व्हायचं नाही. ते मी अजून अधूनमधून दाबून बघतो.

त्या दिवशी आधीच्या मालकाचा मी जो उद्धार केला तो लिहिण्याजोगा नाही. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. पण पुढे दोन आठवडे आमच्या घरात त्याचं नाव रोज निघत होतं.

स्टिरिओच्या बाजूला मात्र कायद्याचं राज्य. पिवळी म्हणजे कायमचा करंट, म्हणजे घड्याळ आणि रेडिओ स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा. काळी अर्थ. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी आणि जांभळी मागची जोडी. अंगावर काळा पट्टा असेल ती त्या-त्या स्पीकरची मायनस. एवढा सगळा कायदा घेऊन मी गाडीच्या बाजूला वळलो, तर तिथे लाल, लाल, लाल आणि लाल.

हरकत नाही म्हणून एकेक वायर शोधून जोडली. स्टिरिओ सुरू झाला, 'नमस्कार' वगैरे अक्षरं दाखवली आणि मौनात गेला. जुन्या गाड्यांत कधी कधी सगळ्या स्पीकरांच्या मायनस एकत्र करून बॉडीला दिलेल्या असतात, आमच्या गाडीतही तसंच होतं. जुन्या प्लेअरला ते चालायचं. नव्या स्टिरिओत मात्र स्पीकरच्या दोन्ही वायरींतून आवाज जातो, मायनस ही नावाचीच मायनस. ती बॉडीला टेकली की तो स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसतो. ही समज मला स्टिरिओकडून घेण्यासारखी होती. चारही दारांपर्यंत मी नव्या दोन-दोन वायरी ओढल्या. दाराच्या रबरी नळीतून वायर ओवण्याविषयी मला काही बोलायचं नाही.

मग गाणं लागलं. फक्त किल्ली काढली की त्याला सगळ्याचा विसर पडायचा. दर वेळी घड्याळ पहिल्यापासून, स्टेशनं पहिल्यापासून. म्हणजे पिवळीच्या जागी लाल आणि लालच्या जागी पिवळी गेली होती. त्या उलटसुलट करायच्या एवढंच काम. पण तोवर डॅशबोर्ड बसवून झाला होता आणि तीन स्क्रू शिल्लक उरले होते, त्यामुळे तो पुन्हा उघडून त्यांची संख्या वाढवायची माझी तयारी नव्हती. मागून हात घालून दोन्ही वायरी एकत्र केल्या आणि कायमच्या करंटला देऊन टाकल्या. विसरणं बंद. माझ्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की मी ते कोणाला सांगितलंही नाही.

दुसरा रविवार दिव्यांचा. इथे मी ठरवून शहाण्यासारखं वागलो. दोन दिवे ५५ वॉटचे, मिळून ११०; भागिले १२, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. एवढा करंट डॅशबोर्डातल्या इवल्याशा बटणातून न्यायचा नसतो, बटण वितळतं. त्यासाठी रिले. बटणानं रिलेला फक्त कोपरखळी मारायची, ओझं रिलेनं उचलायचं. त्याच्या पायांना नंबर असतात: ३०, ८५, ८६, ८७. तीसवर बॅटरी, सत्त्याऐंशीवर दिवे, उरलेले दोन बटणाचे. मला सासऱ्यांची जन्मतारीख आठवत नाही, पण हे चार आकडे झोपेतून उठवून विचारा. बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा निळा फ्यूज लावला. वायरीला जाळीदार नळी घातली. जोड पिळले नाहीत, कथील वितळवून झाळले. झाळून झाल्यावर, वर चढवायची आकसणारी नळी आधी ओवायची राहिली हे लक्षात आलं; जोड सोडवला, नळी ओवली, पुन्हा झाळला. असं तीनदा. बटणाची वायर इंजिनाकडून आत घ्यायला मी डोकं पेडलांपाशी आणि पाय सीटच्या पाठीवर अशा अवस्थेत पाऊण तास होतो. त्या काळात बायको एकदा डोकावून गेली. "जिवंत आहेस ना?" एवढंच विचारलं.

दिवे बसवायला बंपरमागे लोखंडी पट्टी लावायची होती. ती गंजू नये म्हणून मी तिला काळ्या रंगाचे दोन हात दिले. मायेनं दिले. जवळच डाव्या इंडिकेटरची मूळची अर्थ होती, तिचा गंजलेला बोल्ट माझ्या हातात तुटून आला, म्हणून तीही फॉग लाइटच्या अर्थसोबत याच पट्टीच्या नव्याकोऱ्या बोल्टाला अडकवली. सगळं एका जागी. सुबक. आणि मग ते बटण दाबलं.

पुढचे चार तास मी निर्दोषांची चौकशी केली. बटण बदललं. रिले बदलला. फ्यूज काढून उन्हात धरून पाहिला. दोन्ही बल्ब काढून थेट बॅटरीला लावले तर लखलखीत पेटले. परत जागेवर लावले तर पुन्हा डावा इंडिकेटर. मल्टिमीटर म्हणे, दिव्यापर्यंत १२ व्होल्ट येतायत. येतायत ना, मग पेटत का नाही? मी मीटरवरच संशय घेतला, आणि त्याची परीक्षा घेण्यासाठी अँपिअरच्या खुंटीत पिना असतानाच टोकं थेट बॅटरीला टेकवली. फट्. मीटरच्या पोटातही एक फ्यूज असतो हे अशा रीतीनं समजलं.

शेवटी त्यात नवा फ्यूज घालून, जे पहिल्या मिनिटाला करायचं ते केलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं दिव्याच्या अर्थला. दोन्ही जर बॉडीच, तर आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. आला साडेअकरा.

मुकाट्यानं पट्टीकडे पाहिलं. काळीभोर, चकचकीत, दोन हात. रंग म्हणजे इन्सुलेशन. करंट बिचारा बॅटरीतून निघून दिव्यात आला, दिव्यातून अर्थच्या वायरीत उतरला, आणि पुढे दार बंद. मग त्यानं काय करावं? त्याच बोल्टावरच्या शेजारणीच्या, म्हणजे इंडिकेटरच्या, घरात मागच्या दारानं शिरला. तिथून वायरीनं गाडीच्या पार मागच्या डाव्या इंडिकेटरपर्यंत गेला, तिथे अर्थ बरी होती, तिथून घरी परतला. एवढी पायपीट केल्यावर दिवे पेटवायला त्याच्यात जीव कुठून उरणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सॅण्डपेपरच्या एका तुकड्यानं बोल्टाखालचा रंग खरवडला. बटण दाबलं. समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली, आणि तिच्यासमोर उभी असलेली मुलगी डोळे झाकून ओरडली.

इथे संपायला हरकत नव्हती. पण नंतर चार दिवस गाडी हलवली नाही, आणि पाचव्या दिवशी बायकोला घाईनं निघायचं होतं तेव्हा किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक्' झालं.

मिस्त्री आला. त्यानं मायनस सोडवून मधे मीटर लावला. "उभ्या गाडीत पन्नास मिलिअँपिअरच्या आत पाहिजे, साहेब. हे नऊशे दाखवतंय. तीन दिवसांत बॅटरी झोपणारच." मग एकेक फ्यूज उपसत गेला आणि स्टिरिओचा उपसताच आकडा पडला. त्यानं मागे हात घातला, बोटांनी चाचपलं आणि थांबला.

"लाल-पिवळी एकत्र! स्टिरिओ रात्रंदिवस जागा. हे कोणी केलंय?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"आधीच्या मालकानं," मी म्हणालो.

"गाढवच असणार." मग तो बॉनेटकडे गेला, वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला. "आणि हे दिव्यांचं कोणी केलं? बघा, फ्यूज बॅटरीला लागून, वायरीला जाळी, जोड झाळून वर नळी. हा माणूस वेगळा दिसतोय. याचा हात साफ आहे."

मी बोल्टाकडे बघत राहिलो.

"पत्ता आहे का त्याचा? सगळी गाडीच त्याच्याकडून करून घ्या."

"पत्ता आहे," बायको म्हणाली. "पण तो दुपारपर्यंत होईल म्हणतो."