पाचाचा फरक

सोसायटीच्या वार्षिक सभेचा ताळेबंद छापण्यासाठी रविवारी सकाळी बसलो आणि माझ्याच संगणकाने मला दारातून परत पाठवले. पासवर्ड चुकला असता तर निदान तसे सांगितले गेले असते; तो बरोबर असल्यामुळे पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा तोच रिकामा चौकोन समोर येई, जणू मी आत्ताच उगवलो आहे. हे सात वेळा झाले.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबले की लिनक्समध्ये, म्हणजे माझा संगणक ज्या यंत्रणेवर चालतो तिच्यात, चित्रांवाचूनचा काळा पडदा मिळतो. तेथे मला प्रवेश मिळाला, परंतु आज्ञा अर्धवट लिहून टॅब दाबताच तात्पुरती फाईल बनवण्यासही जागा नसल्याची तक्रार उमटली. डिस्क भरली होती. डेस्कटॉप सुरू होताना एक्सऑथॉरिटी नावाची चिटोऱ्याएवढी फाईल लिहावी लागते, आणि ती लिहिता आली नाही की सगळा डामडौल कोसळतो. कोसळण्याला माझी हरकत नाही. पण ‘जागा संपली आहे’ एवढे तीन शब्द त्या सुंदर चौकोनात लिहिण्याचे सौजन्य कोणालाच का सुचले नसावे?

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका ताळेबंद आगाऊ वाचायला आले. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी चष्मा कपाळावरून नाकावर आणण्याची त्यांची रीत अजून तपासनिसाचीच आहे. डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी ‘डीएफ’ ही आज्ञा मी दिली होती. पडद्यावर एकूण ९८ जीबी, वापरलेले ९३ आणि शिल्लक ० असे आकडे होते.

“फरक आहे,” काका म्हणाले.

“काका, ते हिशेबाचं पान नाही, डिस्क आहे.”

“अठ्ठ्याण्णवातून त्र्याण्णव गेले, राहिले पाच. इथे शून्य आहे. पाच कुठे गेले?”

डिस्कवर फाईली मांडण्याच्या ‘ईएक्सटी-४’ पद्धतीत सुमारे पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे यंत्राच्या मालकासाठी, राखीव असते. इतरांनी डिस्क भरून टाकली तरी यंत्रणेची कामे चालू राहावीत म्हणून, असे मी समजावले.

“मालक तुम्हीच ना?”

“हो.”

“मग काढा की.”

“मी आत्ता मालक म्हणून नाही, साधा सभासद म्हणून आत आलोय.”

काका खुर्ची ओढून बसले. “म्हणजे यंत्र तुमचं, जागा तुमची, राखीव निधीही तुमचाच, आणि तुम्हालाच मिळत नाही. तसा ठराव झालाय का?”

पत्नीने चहा आणला. काकांनी तिलाही पाचाचा फरक समजावून सांगितला आणि तिने माझ्याकडे पाहिले.

काय पुसावे हे ठरवणे त्याहून कठीण होते, कारण त्या काळ्या पडद्याला देवनागरी येत नाही. घरातल्या लग्नांपासून बारशांपर्यंतचे सगळे फोल्डर एकसारख्या चौकोनांच्या रांगा होऊन बसले होते, आणि मराठीत नावे देण्याचा माझा अभिमान मला तेथे चांगलाच भोवला. इंग्रजी नावे दिली असती तर पाच मिनिटांत सुटलो असतो, याचा राग अजून गेलेला नाही.

अखेर कोण किती जागा खाते ते सांगणाऱ्या ‘डीयू’ या आज्ञेने चोर दाखवला. ‘एक्ससेशन-एरर्स’ नावाची एकच लपलेली फाईल ६१ जीबींची झाली होती. डेस्कटॉपवरचे कार्यक्रम आपल्या कुरबुरी तीत लिहितात. कोपऱ्यातल्या एका चिमुकल्या चिन्हाने एकच ओळ अखंड लिहीत ठेवली होती, आणि आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीप्रमाणे ती कोणीही वाचत नव्हते. मी फाईल रिकामी केली. शिल्लक ६१ दिसली.

“सहासष्ट हवेत,” काका म्हणाले.

डेस्कटॉप सुरू झाला, ताळेबंद छापला गेला. संध्याकाळी सभेत काकांनी उभे राहून हिशेब चोख असल्याचे सांगितले आणि मला हायसे वाटले. मग त्यांनी चष्मा नाकावर आणला. “मात्र खजिनदारांच्या घरी पाचाचा फरक आहे. तो मी आज सकाळी स्वतः पाहिला.”

चिटणीसांनी ते वाक्य इतिवृत्तात जसेच्या तसे लिहून घेतले आहे. जीबी हा शब्द मात्र गाळला आहे.