लिफ्ट, हायजीन आणि माझ्या आईचं बीपी

गेल्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक नोटीस आली आणि मी इथे कॅनडात, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नाबीत बसून ती रोज एकदा तरी उघडून वाचते. घरकाम करणाऱ्या महिला, डिलिव्हरी बॉइज आणि पाण्याचे जार आणणाऱ्यांनी यापुढे मेन लिफ्ट वापरायची नाही, सर्व्हिस लिफ्टनेच यायचं. कारण काय, तर हायजीन. सीनियर सिटिझन्स राहतात, लहान मुलं आहेत, सगळ्यांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. खाली अंगठ्यांची रांग. एका काकांनी, ज्यांच्याकडे मी दहावीत गणिताला जायचे, त्यांनी लिहिलं की माणुसकी वगैरे ठीक आहे पण सोसायटी भावनेवर चालत नाही.

माझी आई सातव्या मजल्यावर एकटी राहते. वय ७६, बीपीची गोळी सकाळी एक आणि रात्री एक. म्हणजे ज्यांच्या तब्येतीच्या नावाने हे सगळं चाललंय त्यातलीच ती. आणि सर्व्हिस लिफ्ट महिन्यातले आठ-दहा दिवस बंदच असते, मग आईकडे येणाऱ्या मावशी, पन्नाशी उलटलेल्या, दुखरे गुडघे घेऊन सात मजले चढतात, वर आल्यावर ओट्याला धरून पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहतात आणि मग कणीक मळायला घेतात. यात कुणाचं आरोग्य सुधारलं ते मला काकांनी सांगावं.

मी ग्रुपवर लिहिलं, की हे बरोबर नाही, इथे माझ्या बिल्डिंगमध्ये साफसफाईवाला, पिझ्झावाला, सीईओ सगळे एकाच लिफ्टने जातात आणि कुणी आजारी पडत नाही. लगेच उत्तर आलं, तू तिकडून सांगू नकोस, इथे राहून बघ, आणि ते काइंडनेसचं फॅड तिकडच्या लोकांना लागतं कारण त्यांना घरदार नसतं, आपल्याकडे माणुसकी रक्तातच आहे. रक्तातच आहे तर मग लिफ्टमध्ये का नाही?

या फॅडबद्दल मला खरंच बोलायचंय, कारण मी जिथे राहते तिथेच यावर बरंच काम झालंय. व्हँकुव्हरच्या ९९ नंबरच्या बसने शेवटपर्यंत गेलं की यूबीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया. तिथल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन यांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग छापला. काही जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले, अर्ध्यांना सांगितलं संध्याकाळी पाचच्या आत स्वतःवर खर्च करा, अर्ध्यांना सांगितलं दुसऱ्या कुणावर करा. संध्याकाळी विचारलं तर दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते, आणि ५ होते की २० याने फरक पडला नाही. बरं, खूश होणं म्हणजे आरोग्य नाही असं कुणी म्हणेल. तर २०१६ मध्ये याच मंडळींनी बीपी असलेल्या म्हाताऱ्या लोकांना तीन आठवडे दर आठवड्याला ४० डॉलर दिले, पुन्हा तेच, काहींनी स्वतःवर, काहींनी इतरांवर. इतरांवर खर्च करणाऱ्यांचं बीपी खाली आलं, आणि ते इतकं की औषधाने किंवा नियमित व्यायामाने जेवढं येतं त्याच्या तोडीचं. माणसं मोजकी होती, म्हणून यावर कुणी गोळ्या बंद करू नयेत, आईला तर मी हे सांगितलंच नाही, ती लगेच बंद करेल. पण दिशा बघा ना. मधे २०१३ मध्ये कॅनडातल्याच दहावीच्या मुलांवर एक अभ्यास आला होता, अर्ध्या मुलांनी दोन महिने आठवड्यातून एकदा लहान मुलांना जाऊन शिकवलं, खेळवलं, आणि त्यांचं कोलेस्टेरॉल आणि रक्तातली सूज दाखवणारं एक द्रव्य बाकीच्यांपेक्षा कमी निघालं. सोळा वर्षांच्या पोरांचं!

म्हणजे काका हायजीन म्हणतात तेव्हा त्यांनी हिशोबच उलटा मांडलाय. दार बंद करून, वेगळं करून, संशयाने बघून तब्येत राखता येते हे त्यांना वाटतं. रोज सकाळी लिफ्टच्या दारात कोण चुकीच्या लिफ्टने आलं हे बघत उभा राहणारा माणूस आतून शांत असेल का? मला नाही वाटत. आणि हे पुण्यात चाललंय याचा मला जास्त राग येतो. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो याच गावात, तेव्हाही लोकांनी शुद्धतेचंच कारण दिलं असणार, शब्द फक्त वेगळा असेल.

आता इथलं सांगते. कोविडमध्ये आमच्या प्रांताच्या आरोग्य अधिकारी डॉ. बॉनी हेन्री जवळजवळ रोज टीव्हीवर यायच्या आणि शेवटी तेच म्हणायच्या, बी काइंड, बी काम, बी सेफ. सगळ्यात आधी काइंड. आरोग्य खात्याची बाई आकडे सांगून झाल्यावर हे सांगते याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं, मी आईला फोनवर ते रोज सांगायचे. बसमधून उतरताना अख्खी बस ड्रायव्हरला थँक यू म्हणते, मागच्या दारातून ओरडून म्हणते, मला चौदा वर्षांनी आता न म्हणता उतरताच येत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं. जे लिहिलं नाही ते हे, की त्याच डॉ. हेन्रींना पुढे जिवे मारायच्या धमक्या आल्या. आणि व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर, नशेत फुटपाथवर पडलेल्या माणसांच्या बाजूने मीही नजर समोर ठेवून जाते, बॅगेत फुकट मिळालेलं नॅलोक्झोनचं, म्हणजे ड्रग्जच्या ओव्हरडोसवरच्या उताऱ्याचं किट असतं तरी. स्ट्राटाच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये लॉबीतल्या बाकावर कुणी बाहेरचं येऊन बसतं म्हणून बाकच काढायचा ठराव आला तेव्हा मी काहीच बोलले नाही. माझ्या शेजारी एक चिनी आजी राहायच्या. आठ वर्षं मी त्यांच्यासाठी दार धरलं, त्यांनी माझ्यासाठी धरलं, एका रात्री अँब्युलन्स आली तेव्हा मी दाराच्या भिंगातून बघितलं. दार उघडलं नाही. आपण कशाला मधे पडा, त्यांना आवडेल का, असं काहीतरी मनात आलं. त्या परत आल्या नाहीत, आणि त्यांचं नाव मला लॉबीतल्या पोस्टाच्या डब्यावरून कळलं.

हे आठवलं की ग्रुपवर लिहायला हात उचलत नाही. पण मग जानेवारी आठवतो. सकाळी आठला मावशी आल्या, आईने दार उघडलं आणि मावशींना तिचा चेहराच बरा वाटला नाही. बोलताना जीभ जड येत होती. मावशींनी वॉचमनकाकांना हाक मारली, पाण्याचे जार घेऊन आलेला मुलगा होता तो धावत आला, तिघांनी मिळून तिला खुर्चीत बसवून मेन लिफ्टने, हो मेन लिफ्टनेच, खाली आणलं, रिक्षा केली, मावशी दवाखान्यात दुपारी तीनपर्यंत बसून राहिल्या, त्या दिवशीची बाकीची चार घरं सोडून. बीपी दोनशेच्या वर होतं. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. मी तेव्हा स्कायट्रेनमध्ये, इथल्या मेट्रोत होते, इथे आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसहा, मला घरी पोचल्यावर कळलं. मी काय केलं तर पैसे पाठवले. मावशींनी चार घरांचा खाडा तेवढा घेतला, बाकीचे परत आईच्या हातात दिले.

ज्या तीन माणसांनी तिला खाली आणलं त्यांच्यातल्या दोघांना आज त्या लिफ्टमध्ये पाय ठेवायची बंदी आहे आणि तिसऱ्याला दारात उभं राहून ती बंदी पाळली जातेय का ते बघायचं काम दिलंय. काकांना हे सगळं माहीत आहे. आई घरी आली तेव्हा ते शहाळं घेऊन भेटायला आले होते, ते वाईट माणूस नाहीत, म्हणूनच मला कळत नाही. आणि मला त्यांचा राग येतो त्यात थोडा राग याचाही आहे की ते तिथे आहेत, शहाळं घेऊन जाऊ शकतात, आणि मी मेंटेनन्स वेळेवर ट्रान्सफर करते म्हणून मला बोलायचा हक्क आहे असं स्वतःला सांगत बसते.

आईला मी ग्रुपबद्दल विचारलं तर म्हणाली, मी नाही वाचत ते. पण सर्व्हिस लिफ्ट बंद असेल त्या दिवशी ती सकाळी आठला स्वतः खाली जाते, गाऊनवर ओढणी घेऊन, गेटपाशी मावशींची वाट बघते आणि त्यांना हाताला धरून मेन लिफ्टने वर आणते. वॉचमनकाका रजिस्टरमध्ये बघत बसतात. कुणी विचारलं तर ती म्हणते मला चक्कर येते, मला सोबत लागते. मी इथून संध्याकाळी साडेसातला (उन्हाळ्यात इथलं घड्याळ तासभर पुढे असतं) फोन लावते तेव्हा बहुतेक त्या दोघी लिफ्टमध्ये असतात, आवाज तुटतो, मागून मावशींचं हसणं ऐकू येतं, आणि आई म्हणते, थांब गं, सातवा आला की बोलते.