खोकल्यातून रक्त म्हणजे टीबीच का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, "सोलापुरात खोकल्यातून रक्त पडलं की टीबीच असतो, दहा लाखात एकाला होणारे आजार सांगून लोकांना घाबरवू नका, उगाच टेस्टचा खर्च." आधी टीबीच बघायचा, थुंकी तपासायचीच, हे मलाही मान्य आहे.

पण मी लॅबमध्ये काम करतो आणि लघवीची एक बाटली काही केल्या डोळ्यापुढून हलत नाही. पॉवरलूमवरचा माणूस, बिडी ओढणारा, थुंकी दोनदा निगेटिव्ह येऊनही एक्सरे बघून टीबीच्या गोळ्या चालू केलेल्या. तीन आठवड्यांनी लघवी लाल दिसायला लागली तर सांगितलं गेलं की गोळ्यांचा रंग आहे, आणि ते अगदीच खोटं नाही, रिफाम्पिसिनने लघवी केशरी होतेच. मी ती सेंट्रीफ्यूजला (गरगर फिरवून गाळ तळाला बसवणारं मशीन) फिरवली, वरचं पाणी केशरीच राहिलं पण तळाला लालभडक थर बसला. गोळीचा रंग असा खाली बसत नाही हो, ते रक्त होतं. मायक्रोस्कोपखाली लाल पेशींचे कास्ट (किडनीच्या बारीक नळ्यांत तयार झालेले साचे) दिसले, म्हणजे किडनीच्या गाळणीतूनच येत होतं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढतं ते) ७ च्या वर.

पुढे निघाला अँटी-जीबीएम, म्हणजे गुडपाश्चर. आपल्याच अँटीबॉडी फुप्फुस आणि किडनी दोन्हीकडच्या एकाच कोलॅजनवर (एक प्रथिन) तुटून पडतात, म्हणून रक्त दोन्हीकडून, आणि बिडी-सिगारेटवाल्यांना छातीत रक्तस्राव जास्त होतो. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलून, स्टिरॉइड देऊन छातीतलं रक्त थांबलं, किडन्या मात्र गेल्या, आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. यात क्रिएटिनिन साधारण ५.७ च्या आत असताना उपचार मिळाले तर बहुतेकांच्या किडन्या वाचतात, डायलिसिसवर गेल्यावर फार थोड्यांच्या.

आणि दहा लाखात एक हा हिशोब फक्त ह्या एका आजाराचा. एएनसीए व्हॅस्क्युलायटिस (एएनसीए नावाच्या अँटीबॉडीसोबत येणारी रक्तवाहिन्यांची सूज), ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) यांतही हेच होतं, पावसाळ्यात लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) सुद्धा फुप्फुस आणि किडनी एकदम धरतो. लेप्टोला अँटिबायोटिक लागतं आणि व्हॅस्क्युलायटिसला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, त्यामुळे कुठला आजार हे ओळखावंच लागतं. (एएनसीएची टेस्ट टीबीतही कधीकधी पॉझिटिव्ह येते, नुसत्या त्या कागदावर कुणी निर्णय घेऊ नये.)

खर्चाचं म्हणाल तर महागड्या टेस्ट करा असं मी कुठंच म्हटलं नाही. थुंकीच्या डबीबरोबर त्याच दिवशी लघवीची साधी तपासणी आणि क्रिएटिनिन, एवढंच. आणि बाटली ताजी आणा, दोन तासांच्या आत, शिळ्या लघवीत कास्ट विरघळून जातात आणि मग मला काहीच दिसत नाही.