ग्लासातलं ते थरथरणारं पाणी

'ज्युरासिक वर्ल्ड'नं २०१५ साली 'ज्युरासिक पार्क' चित्रपट-मालिकेत पुन्हा जीव ओतला तो आणखी मोठ्या, संकरित डायनासोरमुळे, असं एका लेखात वाचलं. मला नाही पटत. १९९३ च्या पहिल्या चित्रपटात टी-रेक्स ही महाकाय डायनासोर दिसण्याआधी गाडीतल्या ग्लासातलं पाणी थरथरतं. त्यासाठी गाडीखालून गिटारची तार छेडली होती! टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा आवाज मिसळलेला. बेळगावात बाबांच्या मांडीवर बसून मी तो चित्रपट हिंदीत पाहिला, पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. पडद्यावरचा कुठला नि बाहेरचा कुठला, कळेना. तिसऱ्या भागानंतर १४ वर्षांनी मालिका परतली, तेव्हा खानापूरहून मुलीला घेऊन मुद्दाम गेलो. संकरित जनावराला ती घाबरलीच नाही. शेवटी जुनी टी-रेक्स अंधारातून बाहेर आली, तेव्हा मात्र तिनं माझं मनगट गच्च धरलं.