‘जीपीएस असताना चुकून कसं काय घुसतात?’ त्या फॉरवर्डला उत्तर

एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. थोडक्यात म्हणणं असं की अमेरिकेत छोट्या विमानांचे पायलट मोठ्या एअरपोर्टच्या नाहीतर राष्ट्राध्यक्षांच्या भोवतीच्या हद्दीत घुसतात आणि मग ‘चुकून झालं’ म्हणतात, हे सगळं थोतांड आहे. आकाश एवढं मोकळं पडलंय, एअरपोर्टपासून लांब राहायचं. शेंबड्या पोराच्या हातात जीपीएस आहे, मग पायलट कसा चुकेल? रडारला सगळं दिसतं, हवा स्वच्छ असेल तर समोरचं विमानही दिसतं. आणि एवढं करून कोणी घुसलाच तर पहिल्याच वेळी लायसन्स कायमचं रद्द, नाहीतर सरळ पाडून टाका.

हे शेअर करणाऱ्यांत ज्यांची पोरं सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) करायला फ्लोरिडा-टेक्सासला गेलीयेत ते आईबाप पण आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं ते ‘लांब राहा’. लॉस एंजेलिसचं बघा. तिथल्या मोठ्या एअरपोर्टच्या आजूबाजूलाच हॉथॉर्न, सँटा मोनिका, टॉरन्स असे छोटे एअरपोर्ट आहेत, तिथून रोज सेसना-पायपर अशी छोटी विमानं उडतात, लांब राहायचं म्हणजे काय, विमान ट्रकवर घालून वाळवंटात न्यायचं का? या मोठ्या एअरपोर्टभोवतीच्या हद्दीला क्लास बी म्हणतात आणि तिचा आकार उतरंड उलटी ठेवल्यासारखा असतो, मध्यभागी थेट जमिनीपासून सुरू आणि जसजसं बाहेर जाल तसतसा तिचा तळ वर वर सरकत जातो, वरची मर्यादा साधारण दहा हजार फूट. म्हणजे जिथे तळ ५,००० फुटांवर आहे तिथे एकाच गावावर तुम्ही ४,९०० फुटांवर असाल तर कायदेशीर, कोणाला विचारायची गरज नाही, आणि ५,१०० वर गेलात तर परवानगीशिवाय घुसखोर. जमिनीवरून कुठलीच रेघ दिसत नाही.

आणि गंमत म्हणजे त्याच लॉस एंजेलिसमध्ये मुख्य एअरपोर्टच्या बरोब्बर डोक्यावरून छोट्या विमानांसाठी एक खास वाट ठेवलेली आहे. आग्नेयेला जाताना ३,५०० फूट, वायव्येला जाताना ४,५०० फूट, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) १२०१ कोड, आणि जमिनीवरून विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरशी बोलायचं पण नाही, नियम पाळले की झालं. त्यामुळे ‘एअरपोर्टपासून जेवढं लांब तेवढं सेफ’ हे गणित मुळातच चुकीचं आहे, सगळा खेळ कुठल्या उंचीला कुठल्या तुकड्यात आहात याचा आहे.

आता जीपीएस. जीपीएसमुळे नकाशावर आपण कुठे आहोत हे कळतं, मान्य, आणि त्याने खूप फरक पडलाय हेही मान्य. पण हद्दीचा तळ मोजायचा अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, आणि अल्टिमीटर हवेच्या दाबावर चालतो. अमेरिकेत त्यात दाब पाऱ्याच्या इंचांमध्ये सेट करतात, एक दशांश इंचाचा फरक म्हणजे साधारण शंभर फूट. समजा निघताना २९.९२ लावलं, पुढे दाब जास्त असलेल्या भागात गेलात, तिथे खरा आकडा ३०.१२ आहे आणि तुम्ही नॉब फिरवलाच नाही. काटा ४,९०० दाखवतोय, विमान खरं तर ५,१०० ला आहे. टॅबलेटवरचं छोटं विमान अगदी ठरलेल्या वाटेवर, पायलट निवांत, आणि खाली कंट्रोलरच्या स्क्रीनवर मात्र हद्द ओलांडलेली दिसतेय, कारण तिथे ट्रान्सपॉन्डरकडून आलेल्या उंचीला तिथल्या खऱ्या दाबाची दुरुस्ती लागलेली असते. त्यात दुपारचे थर्मल, म्हणजे वर उसळणारी गरम हवा. रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला मान खाली घातली की विमान दोन-तीनशे फूट वर उचललं जातं, हे उडवणाऱ्या कोणालाही विचारा. शिवाय काचेतून थेट उन्हात तापलेला टॅबलेट ‘मी गरम झालोय’ म्हणून झोपतो तो नेमका अशाच वेळी.

राष्ट्राध्यक्षांचं प्रकरण अजून वेगळं. ते जिथे जातात तिथे तात्पुरती बंदी येते, साधारण ३० नॉटिकल मैलांचं वर्तुळ आणि आतल्या १० मैलांत छोट्या खाजगी विमानांना जवळजवळ पूर्ण मनाई. हे छापील नकाशावर नसतं, नोटॅममध्ये (पायलटसाठीच्या अधिकृत सूचना) येतं, आणि वेळा बदलतात. सकाळी मोकळं असलेलं आकाश दुपारी बंद. इथे मी पायलटची बाजू घेणार नाही, निघण्याआधी नोटॅम न बघणं हा हलगर्जीपणाच आहे आणि अशा वेळी फायटर विमानं पाठवणारं नोराड (अमेरिका-कॅनडाचं हवाई संरक्षण दल) हेच परत परत सांगतं. पण हलगर्जीपणा आणि ‘मुद्दाम’ यात फरक आहे की नाही?

उलट जीपीएसने एक नवीनच सवय लावलीय. पूर्वी खात्री नसायची म्हणून लोक हद्दीपासून दोन हात लांब राहायचे, आता स्क्रीनवर रेघ दिसते म्हणून अगदी चाटून जातात. ब्रिटनमध्ये म्हणूनच पायलटना ‘टेक टू’ शिकवतात, हद्दीपासून बाजूला २ नॉटिकल मैल आणि उंचीत २०० फूट सोडून उडायचं. जीपीएसने प्रश्न सुटला असता तर हे सांगायची वेळच आली नसती ना.

‘रडारला सगळं दिसतं’ म्हणणाऱ्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोसवर झालेल्या टकरीबद्दल वाचावं. ३१ ऑगस्ट १९८६, रविवार, स्वच्छ ऊन. टॉरन्सहून एक छोटं पायपर निघालं, पायलट आणि दोन प्रवासी, बिग बेअरला चालले होते. परवानगी न घेता ते लॉस एंजेलिसच्या कंट्रोल्ड भागात शिरलं, मुद्दाम शिरल्याचा काही पुरावा नाही. त्याच वेळी एरोमेक्सिकोचं डीसी-९ हे प्रवासी जेट उतरायला खाली येत होतं. साधारण साडेसहा हजार फुटांवर जेटच्या शेपटीने पायपरच्या कॉकपिटचं छप्पर कापलं. जेटमधले ६४, पायपरमधले ३ आणि खाली घरांमध्ये असलेले १५, एकूण ८२ माणसं गेली.

पायपरचा ट्रान्सपॉन्डर चालू होता, रडारच्या रेकॉर्डमध्ये त्याची नोंद सापडली, पण त्यात उंची सांगणारी सोय नव्हती, आणि कंट्रोलरने सांगितलं की मला ते विमान दिसलंच नाही. तेव्हा तो कशात अडकला होता माहितीये? दुसऱ्याच एका छोट्या विमानाशी बोलत होता, आणि ते पण असंच न विचारता हद्दीत आलेलं! म्हणजे एक घुसखोर सांभाळताना दुसरा सुटला. सुरुवातीला पायपरच्या पायलटला हार्ट अटॅक आला असं पसरलं होतं, लोकांना तसं कारण आवडतं, पण चौकशीत ते टिकलं नाही. तपास करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी सरकारी संस्थेने मुख्य दोष ठेवला तो टक्कर टाळण्यात कमी पडणाऱ्या कंट्रोल व्यवस्थेवर, आणि नकळत झालेली घुसखोरी व ‘बघा आणि टाळा’ पद्धतीच्या मर्यादा ही सोबतची कारणं धरली.

‘हवा चांगली असेल तर दिसतंच’ याचंही उत्तर यातच आहे. दोन्हीपैकी कोणी शेवटच्या क्षणाला वळायचा प्रयत्न केल्याचं सापडलं नाही. टकरीच्या मार्गावर असलेलं विमान काचेवर सरकत नाही, एका जागी ठिपका म्हणून राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. डोळा हलणारी वस्तू पटकन पकडतो, थांबलेली नाही. त्यानंतरच मोठ्या एअरपोर्टभोवती ३० मैलांत उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला आणि प्रवासी जेटमध्ये टीकॅस (टक्कर टाळायचा इशारा देणारं यंत्र) आलं. सुधारणा झाली ती यंत्रणेत, पायलटना शिव्या घालून नाही.

पाडून टाकण्याबद्दल फार लिहीत नाही. ११ मे २००५ ला एक सेसना १५० वॉशिंग्टनवर आलं, व्हाइट हाउसपासून तीनेक मैलांवर. कॅपिटॉल (तिथली संसद) आणि व्हाइट हाउस रिकामं केलं, एफ-१६ फायटरनी इशारा म्हणून फ्लेअर्स (जळते गोळे) सोडले. आत कोण होतं? एक लायसन्सवाला आणि एक शिकाऊ, नॉर्थ कॅरोलिनाला एअर शोला निघालेले, वाट चुकलेले. पाडलं असतं तर दोन वाट चुकलेली माणसं मारली असती, तेही भर राजधानीवर.

राहिलं लायसन्स. तर काहीच होत नाही असंही नाही, वरच्या केसमध्ये एफएएने (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) तातडीने लायसन्स रद्द केलं होतं. पण सरसकट पहिल्या चुकीला कायमचं रद्द करा म्हणणाऱ्यांना नासाची रिपोर्टिंग सिस्टिम माहीत नसावी, जिथे पायलट आपली चूक स्वतःच कळवतात. १९७६ पासून चालू आहे. चूक नकळत झाली असेल, मागच्या पाच वर्षांत तसा ठपका नसेल आणि १० दिवसांत स्वतःहून रिपोर्ट दिला तर नियमभंगाची नोंद होऊ शकते पण सहसा शिक्षा लागत नाही. मुद्दाम केलं असेल किंवा गुन्हा असेल तर ही सवलत नाही. याचा फायदा असा की कुठल्या वळणावर लोक सारखे चुकतात, नकाशावरची कुठली जागा फसवी आहे, हे कळतं ते या रिपोर्टमधूनच.

ब्रिटनवाले पण डोकं लावतात. परवानगीची गरज नसली तरी हद्दीजवळून जाताना एक ठरलेला कोड लावून त्या कंट्रोलरची फ्रिक्वेन्सी नुसती ऐकत राहायची. मग कोणी रेघेकडे सरकताना दिसला की कंट्रोलर थेट हाक मारू शकतो, आणि पायलट घुसायच्या आधीच वळतो.

आता पहिल्या चुकीला करिअर संपणार असं केलंत तर काय होईल? रिपोर्ट बंद होतील. आणि हद्द ओलांडली हे लक्षात आल्यावर रेडिओवर मदत मागायच्या ऐवजी एखादा घाबरट गडी ट्रान्सपॉन्डरच बंद करून गुपचूप सटकायला बघेल. मग जेटमधलं टीकॅस त्याला बघूच शकत नाही, कारण ते ट्रान्सपॉन्डरच्या उत्तरावरच चालतं.